छातीतली शिट्टी

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत मला त्याचा खोकला कळतो. कोरडा कळतो, कफाचा कळतो, तंबाखूचा कळतो आणि रजेच्या अर्जाला जोडायला सर्टिफिकेट हवं असलेल्या मास्तरांचा तर फारच चांगला कळतो. यात कौतुकाचं काही नाही. ढाणकीच्या बाजारात ज्यानं उभं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागं काढलं, त्याला दुसरं येणार तरी काय? आमच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर सगळं पिकतं. पण मला शेतात पाठवलं की मी बांधावरच्या झाडाखाली सापडायचो. वडिलांनी कंटाळून मला फार्मसीला घातलं आणि माझी सावलीची सोय झाली.

खोकल्याला मी कधी घाबरलो नाही. घाबरतो ते एका वेगळ्याच आवाजाला. तान्ह्या लेकराच्या छातीतून श्वास बाहेर पडताना बारीक शिट्टी वाजते, तो आवाज. तो ऐकला की अजूनही माझे हातपाय गार पडतात आणि हातातली औषधाची पट्टी कुणासाठी काढली होती तेच आठवत नाही. दिवाळीचा अंक घेऊन लोक चार गमतीजमती वाचायला बसतात, त्यांची आधीच क्षमा मागतो. मेडिकलवाल्याकडं गमतीही पुष्कळ असतात, पण मला आज या शिट्टीबद्दलच लिहायचं आहे.

वसंता राठोड हा ढाणकीजवळच्या एका बंजारा तांड्यातला शेतकरी. मोकळ्या स्वभावाचा, भरभरून बोलणारा, दुकानात आला की आधी पाणी मागणारा. एका हिवाळ्यात भरदुपारी तो आणि त्याची बायको कमला काउंटरसमोर उभे राहिले. कमलाच्या पदराआड जेमतेम दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. तिचं नाव पायल.

"भाऊ, पोट्टीले सर्दी झाली," वसंता म्हणाला. "ते लाल दवाई द्या ना, गोडवाली."

लाल दवाई म्हणजे खोकल्याचं सिरप. तान्ह्या लेकराला ते द्यायचं नसतं, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. लोक ऐकून घेतात आणि पलीकडच्या दुकानात जातात. मी कमलाला म्हटलं, पदर जरा बाजूला कर.

पदर सरकला आणि आधी वास आला तो ओव्याचा आणि जळलेल्या लसणाच्या सालीचा. आमच्या भागात बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. आंघोळ झाली की निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं, धूप टाकून बाळाला त्या धुरावर धरतात. त्याला धुरी म्हणतात. बाळाला सर्दी झाली की धुरी बंद होत नाही, उलट वाढते. कमलानं सकाळपासून दोनदा दिली होती. वर बाळाच्या नाकाखाली बाम चोपडलेला होता.

मग मला पोरीची छाती दिसली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. आणि ती शिट्टी.

"दूध पिते का?" मी विचारलं.

"सकाळपासून तोंड लावते अन् सोडते," कमला म्हणाली. "थकून राह्यली पोट्टी."

"वसंता, माझ्याकडं हिचं औषध नाही. हिला उचल आणि उमरखेडला लेकरांच्या डॉक्टरकडं पळ."

"काहून घाबरवून राह्यले भाऊ? सर्दीच त हाय. मोठ्या पोराले झालती, दोन दिवसांत खेळाले लागला."

वसंताचं म्हणणं खोटं नव्हतं. सर्दीच होती ती. मोठ्याला झालेली, दोन दिवसांत गेलेली, तीच. पण मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की रस्त्यावरचे लोक थांबले. वसंता त्या ओरडण्यानंच हलला असावा. जीप करून ते निघाले. उमरखेडच्या डॉक्टरांनी पोरीला तपासून तसंच नांदेडला धाडलं. तिथं तिला ऑक्सिजन लावला, नळीनं दूध दिलं. इकडं मला जेवण जाईना. जीप ज्या रस्त्यानं गेली त्या रस्त्याकडं मी पाहत बसायचो, आणि तांड्यातलं कुणी दुकानाकडं येताना दिसलं की हातातलं काम सोडून पुढं यायचो. हा माणूस काय सांगणार, असं वाटायचं.

पोर वाचली.

पुढं उमरखेडचे डॉक्टर एकदा दुकानावर आले, तेव्हा मी त्यांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. एक विषाणू असतो. त्याला इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, आरएसव्ही. मोठ्या माणसाला तो झाला तर नाक वाहतं आणि काम संपतं. बहुतेक लेकरांना तो दोन वर्षांच्या आत कधी ना कधी होऊन जातो आणि आईबापांना पत्ताही लागत नाही. पण काही तान्ह्या लेकरांच्या छातीत तो खोल उतरतो. त्यांच्या श्वासाच्या नळ्या आधीच अरुंद असतात, त्या सुजतात, कफानं भरतात, आणि आत गेलेला श्वास बाहेर निघायला जागा उरत नाही. त्याच्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ऑक्सिजन द्यायचा, दूध पोटात जाईल असं पाहायचं आणि लेकराचं शरीर त्यातून निघेपर्यंत थांबायचं.

"बरं, निघाली ना ती त्यातून?" मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, निघाली. पण ज्यांना इतक्या लहानपणी इतका जोराचा त्रास होतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची छाती पुढंही वाजत राहते. काहींना पुढं दमा होतो. सगळ्यांना नाही. विषाणूनं छाती दुबळी केली म्हणून दमा झाला, की छाती मुळातच नाजूक होती म्हणून विषाणूनं तिला गाठलं, यावर मोठमोठ्या लोकांचंही अजून एकमत नाही. आपण लक्ष ठेवायचं, दुसरं काही नाही.

लक्ष ठेवायचं, हे दोन शब्द माझ्या मानेवर बसले ते कायमचे. पायल रांगायला लागली, चालायला लागली, शाळेत जायला लागली आणि दर हिवाळ्यात तिची छाती वाजायला लागली. साधी सर्दी झाली तरी वाजायची. कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीनं वाजायची. शेवटी डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं आणि पंप लिहून दिला.

पंप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन प्रकारचे असतात. एक निळा, जो धाप लागली की लगेच घ्यायचा. दुसरा रोजचा, जो धाप लागू नये म्हणून बरं वाटत असतानाही घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची. लहान लेकरांना तो प्लास्टिकच्या नळकांड्यातून देतात, म्हणजे औषध तोंडात न राहता छातीत उतरतं. हे समजावताना माझे किती तास गेले असतील देव जाणे. एका गिऱ्हाइकानं पंप चालू आहे की नाही हे पाहायला घरी जाऊन हवेत इतका फवारला की तो संपला, आणि मग रिकामा दिला म्हणून माझ्याशी भांडायला आला. एका आजींनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. धाप लागली की नातवाला पंपाच्या पाया पडायला लावायच्या. मी हसलो, त्याही हसल्या, आणि मग त्यांनी विचारलं, खरंच तोंडात मारायचा का हा?

पण बहुतेकांची अडचण वेगळीच होती. पंप लागला म्हणजे माणूस संपला, अशी समजूत. एकदा लागला की सुटत नाही, दारूसारखा, असं शिकलेले लोकही म्हणतात. शिवाय मुलीचा पंप असेल तर तो कुणाला दिसता कामा नये. वसंता दुकानात माणसं असली की बाहेर उभा राहायचा. सगळे गेले की आत येऊन हळूच म्हणायचा, "भाऊ, ते आपलं." मी पेपरात गुंडाळून द्यायचो आणि तो ते धोतराच्या ओच्यात घालून निघायचा.

पायल मात्र हुशार निघाली. तिला मी काका. दहावीला असताना एकटी यायची, पंप किती उरला आहे ते हलवून बघायची. एकदा मला म्हणाली, "काका, मले धाप लागाच्या आधी कळते. पाठीत खाज सुटते." तिच्या त्या बोलण्यानं तेवढ्यापुरती माझी भीती कमी झाली, कारण पोरगी आपल्या श्वासाकडं डोळे उघडे ठेवून होती.

आता सोयरिकीचं सांगतो. लग्न जुळवायच्या आधी मुलीच्या गावात चौकशी करायची पद्धत सगळीकडं आहे. आमच्याकडं त्या चौकशीत मेडिकलवालाही येतो. शेजारी हातचं राखून सांगतील, नातेवाईक वाढवून सांगतील, पण कुणाच्या घरी कोणती गोळी जाते हे आम्हाला पाठ असतं. माणूस डोकेदुखीची एक पट्टी घेतो, काउंटरवर कोपर टेकून रेंगाळतो आणि मग विषय काढतो. त्या घरचं कसं काय आहे भाऊ? मिर्गीची वगैरे दवाई तर नाही ना जात? अशा सगळ्यांना माझं ठरलेलं उत्तर आहे. औषध सगळ्यांच्याच घरी जातं, माझ्याही घरी जातं. यापलीकडं मी कधी एक शब्द बोललो नाही. डॉक्टरकडं रोग सांगितला जातो तो बंद दारामागं, आमच्याकडं भर बाजारात. ते आम्ही तोंडाबाहेर काढायला लागलो तर लोक औषधच घ्यायचे नाहीत.

तर एक दिवस शेवंताबाई आल्या. दुसऱ्या तांड्यातल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. त्या दुकानात शिरल्या की बाकीचे आपोआप बाजूला सरकतात. गुडघ्याचं मलम घेतलं, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "वसंता राठोडची पोट्टी करून राह्यलो आमच्या संजूले. पोट्टीची तब्येत कशी हाय भाऊ?"

"औषध सगळ्यांच्याच घरी जातं बाई. माझ्याही जातं."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मी पाठ फिरवून उगाच डबे सरळ करत राहिलो.

"पक्के हाय तुमी," त्या म्हणाल्या आणि हसत निघून गेल्या.

लग्न ठरलं. वसंता पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, निदान जावयाला तरी सांग. तो म्हणाला, "एकदा लेकरूबाळ होऊ द्या भाऊ, मंग कोन काय म्हनते?" त्याला मी काय बोलणार? मुलीचा बाप होता, त्याच्या जागी त्याला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

लग्नाच्या आधी पायल स्वतः आली. निळे पंप जरा जास्तीचे द्या म्हणाली.

"आणि रोजचा?"

"तो नाई जमनार काका. निळा कवातरी लागते, कुठंबी लपवता येते. रोजचा रोज कुठं लपवू? अन् चूळ भराले घरामागं जाऊ का?"

ती हसत होती, मी नाही. रोजचा पंप सोडून नुसत्या निळ्यावर राहिलं तर एखाद्या दिवशी निळाही पुरत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, निळे पंप कपड्यांच्या पिशवीत तळाशी घातले आणि गेली. त्यानंतर सासरच्या तांड्याकडून कुणी घाईघाईनं दुकानाकडं आलं की मला वाटायचं, झालं. एकदा ती बाजारात दिसली, डोक्यावर भाजीची टोपली, सासूच्या मागं चाललेली. मला ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. तिचे खांदे श्वासाबरोबर वर-खाली होतात का, एवढं मात्र मी बघून घेतलं.

तिला मुलगा झाला. शेवंताबाई पेढ्यांचा मोठा डबा घेऊन दुकानात आल्या आणि रांगेतल्या सगळ्यांच्या तोंडात पेढे कोंबले. "होळीले धुंड हाय नातवाची," त्या मला म्हणाल्या. "या लागते भाऊ. नाई म्हनाचं नाई."

धुंड हा बंजारा समाजातला मोठा आनंदाचा सोहळा. त्या वर्षी ज्या घरी मुलगा जन्मला, त्या घरी होळीला सगळा तांडा जमतो. आईच्या मांडीवर बाळ असतं, आणि तांड्यातले तरुण, त्यांना गेरिया म्हणतात, मायलेकरांच्या डोक्यावर आडवी धरलेली काठी आपल्या काठ्यांनी वाजवत गाणी म्हणतात, बाळाला मोठं होण्याचा आशीर्वाद देतात. ज्याची धुंड झाली नाही तो मुलगा जणू तांड्यात आलाच नाही.

होळीच्या आदल्या दिवशी पायल दुकानात आली. बाळाला धुंडीसाठी आलेल्या आईकडं, कमलाकडं ठेवून, ग्राइप वॉटरच्या निमित्तानं.

"काका, जावेच्या पोट्ट्याले सर्दी झाली. चुलतसासरे खोकून राह्यले. उद्या सारे त्याले मांडीवर घेतीन, मुके घेतीन. काय करू?"

"सासूला सांग. सर्दी झालेल्यांनी लांब राहा म्हणावं."

"सांगतलं. त म्हनते, सर्दीले काय भ्याचं, सर्दी त सगळ्याइले होते." ती थांबली. "काहून भेते हे सांगाचं म्हनलं त माह्यं सांगा लागते."

मुलाला वाचवायला तोंड उघडावं तर स्वतःचा संसार पणाला लागतो असं तिला वाटत होतं, आणि तिचं वाटणं चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. धुंड पुढं ढकल म्हणावं तर ती काय माझ्या-तिच्या हातात होती? मी नुसता ग्राइप वॉटरची बाटली पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेवंताबाईंच्या तांड्यावर गेलो. होळी पहाटे पेटवलेली, निखाऱ्यांचा धूर अजून अंगणात रेंगाळत होता. गुलाल उडत होता, हलगी वाजत होती, बाया हातात हात घालून होळीची गाणी म्हणत होत्या. खरं सांगतो, इतका देखणा सोहळा मी क्वचित पाहिला आहे. आणि इतका घाबरलोही क्वचितच. पायल मधोमध बसली होती, मांडीवर बाळ. काठ्या वाजायला लागल्या. एकेक जण वाकून बाळाचे गाल कुरवाळत होता. चुलतसासऱ्यांनी तोंडावर हात धरून खोकलं आणि त्याच हातानं बाळाची हनुवटी धरली. मी मनात म्हटलं, हात धुवा हो बाबा, नुसते हात धुवा. पण मेडिकलवाल्यानं पाहुणा म्हणून येऊन लोकांना हात धुवायला सांगायचं म्हणजे कसं?

मग मला पायलचे खांदे दिसले. वर जात होते, खाली येत होते. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा हसरा ठेवलेला. काठ्यांच्या आवाजात तिची छाती कुणाला ऐकू येणार? तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच बजावलं, बोलायचं नाही. सोहळा संपता संपता ती "दूध पाजते" म्हणून बाळाला घेऊन घरात गेली. ती बाहेर येईपर्यंत मी त्या दाराकडं पाहत उभा होतो. कुणीतरी माझ्या हातात गोड बुंदीचा द्रोण दिला, तो तसाच कलंडला. ती आली तेव्हा खांदे शांत होते. शेवंताबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाहा भाऊ, गर्दीत पाजाले लाजते माही सून."

त्याच आठवड्यात एका दुपारी शेवंताबाई बाळाला छातीशी धरून दुकानात शिरल्या. मागं पायल. तिचा चेहरा पाहिला आणि मी काउंटरच्या बाहेर आलो.

"नाकात टाकाचे थेंब द्या भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या. "पोट्ट्याचं नाक चोंदलं. धुंडीत वारा लागला असंन."

मी कपडा बाजूला केला. कपड्याला ओव्याच्या धुराचा वास होता. बरगड्या आत जात होत्या. शिट्टी वाजत होती. क्षणभर मला समजेना की मी कोणत्या वर्षात उभा आहे आणि हे लेकरू कुणाचं आहे.

"दूध?"

"सकाळपासून तोंड लावून सोडून देते," पायल म्हणाली.

"शेवंताबाई, थेंबांचं काम नाही हे. गाडी बघा. आत्ता. उमरखेडला न्या, तिथून नांदेडला पाठवतील."

"इतकं काय हाय त्यात? सर्दीच त हाय."

मी तोंड उघडणार तोच पायल बोलली. सासूकडं नाही, माझ्याकडं पाहून. आवाज अगदी बारीक होता, पण दुकानात तेवढाच आवाज होता.

"काका, मीबी अशीच झालती ना? याचंबी माह्यासारखंच होईन का?"

शेवंताबाईंनी मान वळवली. "तुह्यासारखं म्हंजे कसं?"

पायलनं कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढली, त्यातून निळा पंप काढला आणि काउंटरवर ठेवला. "हे. लहानपनापासून हाय मले."

मला वाटलं आता भडका उडणार. वसंताचा उद्धार होईल, मग माझा. बाळ तसंच छातीशी राहील आणि वेळ जाईल. मला त्या बाईची इतकी भीती कधी वाटली नव्हती. शेवंताबाईंनी पंपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी तुमाले इचारलं होतं भाऊ."

"विचारलं होतं."

"तुमी सांगतलं नाई."

"तुमच्या घरी काय जातं तेही मी कुणाला सांगत नाही बाई."

त्या सुनेकडं वळल्या. "अन् मी तुले रोज धुरीच्या खोलीत बसवून राह्यली. दार लावून. तू तिथं श्वास कशी घेत होती वं?"

"तुमी बाहेर गेल्या का पंप मारत होती," पायल म्हणाली.

शेवंताबाईंनी पदराचं टोक तोंडावर दाबलं. मी त्यांना रडताना पाहीन असं कधी वाटलं नव्हतं, आणि रडायला वेळही नव्हता. रस्त्यावर उतरून त्यांनी त्या खणखणीत आवाजात एका ओळखीच्या जीपवाल्याला हाक मारली. जीप समोर येऊन लागली. पायल नेहमीसारखी मागं चढायला गेली, तर सासूनं तिचा दंड धरला.

"तू समोर बस. खिडकीपाशी." मग ड्रायव्हरकडं वळून म्हणाल्या, "अन् तू ते बिडी फेक आधी."

जीप गेली. पंप काउंटरवरच राहिला होता. मी तो घेऊन रस्त्यावर धावलो, माझ्या वयाला न शोभेल असा धावलो, आणि चौकात जीप अडवून तिच्या हातात दिला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत बसत नाही. बाळाला ऑक्सिजन लागला. वसंताचा फोन यायचा, तो वाजला की माझा हात फोनपर्यंत जायचाच नाही. बाळ घरी आलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन नुसता बसून राहिलो. बायको म्हणाली, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, आता वाटतंय.

शेवंताबाईंच्या घरातली शेगडी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर गेली. पायलचा रोजचा पंप आता आरशाजवळ कंगव्याशेजारी असतो, असं तिनंच सांगितलं. संजूनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन पंप कसा घ्यायचा ते स्वतः शिकून गेला. शेवंताबाईंचं तर विचारू नका. तांड्यात कुणी नातवाला उचलायला पुढं आलं की आधी विचारतात, सर्दी हाय का? असली तर तिथूनच हाकलतात. त्यांच्या या वागण्यावर दोन-चार जण रुसले आहेत.

पण पायलच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनाही तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं, आई दम्याची आहे, त्यात इतक्या लहानपणी हे झालं, तेव्हा शक्यता आहे. होईलच असं नाही. आता पोरगा धरून धरून का होईना चालतो, दोन दात आले आहेत, माझ्या काउंटरवरच्या बरण्या ढकलायला त्याला फार आवडतं. तो दुकानात आला की मला आनंद होतो आणि त्याच वेळी भीतीही वाटते. दर पावसाळा, दर हिवाळा ही भीती परत येणार. किती वर्षं, ते मला माहीत नाही. माझ्यानंतर या दुकानात जो बसेल, त्यालाही ती घ्यावी लागेल.

परवा शेवंताबाई नातवाला घेऊन एकट्याच आल्या. सून सोबत नाही हे पाहून आवाज खाली आणला. त्यांना खालच्या आवाजात बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"भाऊ, खरं सांगा. होईन का याले?"

"मला माहीत नाही बाई. डॉक्टरांनाही माहीत नाही."

त्यांनी पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"झालं त झालं," त्या म्हणाल्या. "पन यानं लपून श्वास घ्याचा नाई."